ओठांवर उठणारे फोड: पहिल्या चुणचुणीपासून खपली गळेपर्यंत

ओठाच्या कडेला एका ठरावीक जागी चुणचुण सुरू होते, तास-दोन तासांत तिथे जडपणा आणि आग जाणवू लागते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात पाहावे तर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा घोस तिथे उभा असतो. इंग्रजीतून आलेल्या नावाने याला 'कोल्ड सोअर' म्हणतात. काही घरांत 'जर उठला' म्हणतात, तर काही जण 'ताप ओठावर फुटला' असे सांगतात. ही सारी नावे सर्दी-तापाकडे बोट दाखवतात, आणि तिथेच पहिली गफलत होते. ताप हे या फोडांचे निमित्त असू शकते, कारण मात्र नव्हे. कारण आहे हर्पिस सिम्प्लेक्स नावाचा विषाणू, आणि तो बहुतेकांच्या शरीरात त्या तापाच्या कितीतरी वर्षे आधीच शिरलेला असतो. या फोडांवरचे नैसर्गिक, घरगुती उपाय कितपत उपयोगी पडतात आणि कुठे थांबतात, ते या लेखात पाहू.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील ५० वर्षांखालील सुमारे ३८० कोटी लोकांच्या शरीरात या विषाणूचा पहिला प्रकार, म्हणजे एचएसव्ही-१, वास करून आहे. या वयोगटातील दर तीन माणसांमागे जवळजवळ दोघे, असे हे प्रमाण पडते. पुष्कळांना तो लहानपणीच, घरातल्या मोठ्यांनी घेतलेल्या पाप्यातून मिळतो. बहुतेकांना त्या वेळी काहीच जाणवत नाही. काही मुलांना मात्र चढा ताप येतो, हिरड्या सुजतात, तोंडभर फोड येतात आणि दुखण्यामुळे ती पाणीसुद्धा पीत नाहीत. हा विषाणू अंगात असणे हे अस्वच्छतेचे किंवा गैरवर्तनाचे लक्षण आहे, असा समज अजूनही टिकून आहे. वरचा आकडा पाहिल्यावर त्या समजाला काही अर्थ उरत नाही.

पहिला संसर्ग ओसरला की विषाणू त्वचेतून चेहऱ्याच्या मज्जातंतूत शिरतो आणि तंतूच्या वाटेने कवटीच्या तळाशी असलेल्या मज्जापेशींच्या गुच्छात जाऊन बसतो. तिथे तो जवळजवळ निद्रिस्त असतो, त्याची वाढ होत नाही, आणि म्हणून ना शरीराची प्रतिकारशक्ती त्याला तिथून हुसकावू शकते, ना औषध. पुढे कधीतरी काही निमित्त घडले की तो जागा होतो, त्याच तंतूवरून उलट प्रवास करून ओठापर्यंत येतो आणि फोड उठवतो. फोड दर वेळी साधारण त्याच जागी का येतात, याचे उत्तर या ठरलेल्या वाटेत आहे. एखादा लेप, काढा किंवा गोळी हा आजार 'मुळासकट' घालवते असा दावा कुठे दिसला, तर तो करणाऱ्याला मूळ कुठे आहे हेच ठाऊक नाही, असे खुशाल समजावे. विषाणू शरीरात असलेल्या प्रत्येकाला फोड येतातच असेही नाही. काहींना आयुष्यात एकदाही येत नाहीत, काहींना वर्षा-दोन वर्षांतून एकदा येतात, तर थोड्यांना महिन्या-दोन महिन्यांनी. वय वाढते तसे हे प्रमाण बहुधा कमी होत जाते.

आधी ओळख पटवावी

ओठाच्या आसपास जे जे उठते ते सारे हर्पिसच असते असे नाही, आणि चुकीच्या ओळखीतून चुकीचा उपचार होतो. 'तोंड येणे' म्हणजे गालाच्या आत, जिभेवर किंवा ओठाच्या आतल्या मऊ भागावर पांढुरके, लाल कडेचे व्रण पडणे. ते विषाणूमुळे होत नाहीत आणि एकाकडून दुसऱ्याला लागतही नाहीत. हर्पिसचे फोड साधारणपणे ओठाच्या बाहेरच्या कडेवर, जिथे ओठ संपून चेहऱ्याची त्वचा सुरू होते तिथे, झुबक्याने येतात. जिवणीचे दोन्ही कोपरे एकाच वेळी चिरले असतील, तर त्यामागे बहुधा बुरशीचा संसर्ग, सतत ओला राहणारा कोपरा किंवा लोह आणि ब जीवनसत्त्वांची कमतरता असते. मधासारखी पिवळसर खपली धरणारे आणि झपाट्याने पसरणारे फोड, विशेषतः लहान मुलांच्या चेहऱ्यावर, जिवाणूंमुळे होऊ शकतात आणि त्यांचा उपचार वेगळा असतो.

मराठीत आणखी एक घोळ होतो. 'हर्पिस' म्हटले की अनेकांना नागीण आठवते. नागीण हा हर्पिस झोस्टर, कांजिण्यांच्या विषाणूपासून होणारा. दोन्ही विषाणू एकाच कुळातले आहेत आणि दोघेही मज्जापेशींत दडून राहतात, पण ते दोन स्वतंत्र आजार आहेत. ओठावरच्या फोडांतून नागीण 'उतरत' नाही.

पहिल्या दिवसाचे मोल

हा आजार साधारण सात ते दहा दिवसांचा असतो, पण या दिवसांचे महत्त्व सारखे नसते. विषाणूची वाढ मुख्यतः पहिल्या एक-दोन दिवसांत होते. त्यानंतर जे दिसते, म्हणजे फुटलेले फोड, उघडी जखम, खपली, ते बऱ्याच अंशी विषाणूने करून ठेवलेले नुकसान आणि त्याची शरीराने चालवलेली डागडुजी असते. म्हणून विषाणूला रोखण्यासाठी जे काही करायचे ते चुणचुण जाणवल्यापासून पहिल्या काही तासांत करावे, आणि त्यानंतर जखमेला शक्य तितके तिच्या वाटेने जाऊ द्यावे. प्रत्यक्षात लोक नेमके उलट करतात. चुणचुणीकडे दुर्लक्ष होते आणि पाचव्या दिवशी, जखम सर्वांत कुरूप दिसत असताना, एकामागून एक लेपांचा मारा सुरू होतो.

चुणचुण किंवा खाज जाणवताच स्वच्छ कापडात गुंडाळलेला बर्फाचा खडा पाच ते दहा मिनिटे त्या जागेवर धरावा, आणि दिवसातून तीन-चार वेळा तसे करावे. गारव्याने विषाणू मरत नाही. सूज आणि आग मात्र कमी होते. बर्फ त्वचेवर थेट घासू नये, त्याने त्वचा भाजल्यासारखी होते. त्याच दिवसापासून ओठाला हात लावणे थांबवावे, नवा टॉवेल काढावा, आणि झोप भरून काढता येत असेल तर ती काढावी.

नैसर्गिक उपायांच्या लेखात औषधाचे नाव कशाला, असे कोणाला वाटेल. पण असायक्लोव्हिर हे हर्पिसवरचे विषाणुरोधी औषध कसे काम करते हे समजले की पहिल्या दिवसाचा आग्रह का, हेही समजते. गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागच्या संशोधनात या औषधाचाही वाटा होता. हे औषध पेशीत शिरते तेव्हा निष्क्रिय असते. विषाणूने बाधलेल्या पेशीत विषाणूचेच एक विकर (एन्झाइम) त्याला सक्रिय करते, आणि मग विषाणूची नवी प्रत तयार होण्याचे काम अडते. विषाणूची वाढ चालू नसेल तर औषधाला अडवायला काही उरतच नाही. म्हणून त्याचे ५ टक्क्यांचे मलम पहिल्या चुणचुणीला सुरू करून दिवसातून पाच वेळा लावले तर उपयोग होतो. खपलीवर लावून फारसे काही साधत नाही. वेळेत लावूनही आजाराचा कालावधी साधारण एखाद्या दिवसानेच कमी होतो. पोटात घ्यायच्या गोळ्या मलमापेक्षा अधिक परिणामकारक असतात, पण त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. नैसर्गिक उपायांकडून अपेक्षा ठेवताना हा एका दिवसाचा हिशेब लक्षात असावा.

फोड, जखम, खपली

फोड भरले की ते सुईने टोचून पाणी काढण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण त्या पाण्यात विषाणू ठासून भरलेले असतात. ते बोटांवर आणि शेजारच्या त्वचेवर पसरतात, आणि उघड्या जखमेत जिवाणूंना वाट मिळते ती वेगळीच. फोड आपोआप फुटले की दोन-तीन दिवस जखम ओलसर आणि सर्वाधिक दुखरी असते. या दिवसांत खारट, आंबट आणि तिखट पदार्थ जखमेला झोंबतात, म्हणून ते बाजूला ठेवावेत. गार आणि मऊ पदार्थ बरे वाटतात. दिवसातून दोनदा साध्या पाण्याने हलकेच धुऊन, टिपून, वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. जखम 'सुकवली' पाहिजे असे पूर्वापार मानले जाते, पण ओठ सतत हलतो, आणि कोरडी कडक खपली बोलताना किंवा जांभई देताना तडकते, रक्त येते आणि भरून येण्याचे काम पुन्हा मागे पडते. थोडा ओलावा राखलेली खपली लवचीक राहते. जेली बोटाने थेट डबीतून घेऊ नये. कापसाच्या काडीने घ्यावी आणि वापरलेली काडी पुन्हा डबीत बुडवू नये. खपली नखाने काढू नये, एवढेच तिच्याबाबत सांगायचे. छेडछाड झाली नाही तर या फोडांचा व्रण सहसा मागे राहत नाही.

काय लावावे, काय लावू नये

ओठावरच्या फोडांवर इतके घरगुती उपाय प्रचलित का, याचे कारण त्यांच्या गुणापेक्षा या आजाराच्या स्वभावात अधिक आहे. जो आजार काहीही न करता दहा दिवसांत बरा होतो, त्यावर सहाव्या दिवशी काहीही लावले तरी ते 'लागू पडते'. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी, तसे हे श्रेय असते. म्हणून 'मला गुण आला' या वाक्यापेक्षा, एका गटाला उपाय आणि दुसऱ्या गटाला दुसरे काही देऊन केलेली तुलना जिथे उपलब्ध आहे तिथे तिच्यावर भिस्त ठेवणे बरे.

अशा तुलनेत मधाचा अभ्यास बऱ्यापैकी मोठा झाला आहे. न्यूझीलंडमध्ये कानुका नावाच्या झाडाच्या फुलांपासून मिळणारा, औषधी वापरासाठी शुद्ध केलेला मध आणि असायक्लोव्हिरचे मलम यांची ९०० हून अधिक प्रौढांवर तुलना झाली; २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांत दोन्ही गटांतील फोड जवळजवळ सारख्याच दिवसांत, म्हणजे आठ-नऊ दिवसांत बरे झाले. याचा अर्थ मध लावायला हरकत नाही, असाही काढता येतो. मलमही काही जादू करत नाही, असाही काढता येतो. मला दोन्ही अर्थ मान्य आहेत. मात्र घरातला साधा मध आणि तो शुद्ध केलेला मध एकच नव्हेत, आणि एक वर्षाखालील बाळाच्या ओठांवर किंवा तोंडात मध कधीही लावू नये. त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळांना बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

प्रोपोलिस, म्हणजे मधमाश्या पोळ्याच्या फटी बुजवायला वापरतात तो राळेसारखा पदार्थ, आणि लेमन बाम या वनस्पतीचा अर्क, या दोन्हींच्या मलमांवर लहान चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांत थोडा फायदा दिसला आहे. ज्यांना मधमाशीच्या पदार्थांची ॲलर्जी आहे त्यांनी मात्र प्रोपोलिसच्या वाटेला जाऊ नये. कोरफडीचा गर आग शमवतो, पण तो फोड लवकर बरे करतो असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. ज्यांना तो लावून बरे वाटते त्यांनी लावावा, फक्त पानाच्या सालीलगतचा पिवळा चीक पूर्ण निथळू द्यावा, कारण तो त्वचेला चरचरतो. खोबरेल तेलाचे काम पेट्रोलियम जेलीसारखेच, ओलावा धरून ठेवण्याचे. लायसिन या अमिनो आम्लाच्या गोळ्यांची ख्याती मोठी आहे, पण हे फोड टाळण्याच्या उपायांची जी समीक्षा २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केली, तिच्यात लायसिनचा फायदा सिद्ध झाला नाही. आर्जिनिन हे दुसरे अमिनो आम्ल विषाणूच्या वाढीला लागते आणि लायसिन त्याला अडवते, असा यामागचा तर्क. दाणे, चॉकलेट असे आर्जिनिनयुक्त पदार्थ वर्ज्य करण्याचा सल्लाही याच तर्कातून आलेला आहे आणि तोही तितकाच कच्चा आहे.

टी ट्री तेलासारखी तीव्र तेले न मिसळता ओठावर लावणे धोक्याचे, कारण ती त्वचा भाजतात आणि पोटात गेली तर विषारी ठरतात. लिंबाचा रस, लसूण, व्हिनेगर, टूथपेस्ट, मीठ, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी विषाणूपेक्षा त्वचेचेच नुकसान अधिक होते. झोंबते म्हणजे काम करते, हा समज सोडून द्यावा. घरात पडून असलेले स्टेरॉइडचे मलमही स्वतःच्या मनाने लावू नये. नवे काही लावून पाहायचेच असेल तर ते आधी, ओठ निरोगी असताना, हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस वाट पाहावी.

दुसऱ्याला लागू नये म्हणून

पहिल्या चुणचुणीपासून खपली गळून खालची त्वचा पूर्ववत होईपर्यंत विषाणू दुसऱ्याला लागू शकतो. फोड नसतानाही लाळेतून अधूनमधून विषाणू बाहेर पडतो, त्यामुळे धोका कधीच पूर्ण शून्य नसतो, पण ओले फोड असताना तो सर्वाधिक असतो. या काळात चुंबन टाळावे. पेला, चमचा, टॉवेल, दाढीचे पाते, लिप बाम कोणाशी वाटून घेऊ नये. मुखमैथुनही टाळावे, कारण ओठावरचा हाच एचएसव्ही-१ जननेंद्रियांवर फोड आणू शकतो, आणि ही गोष्ट संकोचापोटी सांगितली जात नाही म्हणूनच पुष्कळांना ती फार उशिरा कळते.

नवजात बाळाच्या बाबतीत कसलीही भीड ठेवू नये. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हा संसर्ग बाळाच्या यकृतापर्यंत आणि मेंदूपर्यंत पोहोचू शकतो आणि जीवघेणा ठरू शकतो. ओठावर फोड असलेल्या माणसाने, मग तो कितीही जवळचा असो, बाळाचा पापा घेऊ नये. आईलाच फोड असतील तर तिने हात धुऊन, मास्क लावून बाळाला घ्यावे. स्तनावर फोड नसतील तर दूध पाजायला अडचण नाही.

स्वतःच्या शरीरातही विषाणू जागा बदलू शकतो. फोडाला हात लागला की लगेच साबणाने हात धुवावेत, आणि त्या हाताने डोळा चोळू नये. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी, विशेषतः ती लाळेने ओली करण्याची वाईट सवय असणाऱ्यांनी, या दिवसांत चष्माच वापरावा.

घरगुती उपाय जिथे थांबतात

डोळा लाल होणे, दुखणे, उजेड सहन न होणे किंवा अंधुक दिसणे, यांपैकी काहीही फोडांच्या जोडीला आले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. बुबुळावरचा हर्पिस दृष्टी घालवू शकतो, आणि डोळा लाल आहे म्हणून घरातले स्टेरॉइडचे थेंब टाकले तर तो आणखी भडकतो. इसब असलेल्या त्वचेवर फोड झपाट्याने पसरू लागले, रुग्ण केमोथेरपी घेत असेल, त्याचे अवयव प्रत्यारोपण झाले असेल किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती खालावलेली असेल, लहान मूल पाणी पिईना किंवा त्याला लघवी कमी होऊ लागली, तर मध आणि कोरफड बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. गरोदरपणात, विशेषतः हा संसर्ग आयुष्यात पहिल्यांदाच झाला असल्याची शंका असेल तर, डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. फोड दहा दिवसांनंतरही भरून येत नसतील, तर डॉक्टरांना दाखवावे. ते वर्षातून सहाहून अधिक वेळा येत असतील, तर रोज थोड्या मात्रेत औषध घेऊन ते रोखण्याचा पर्याय डॉक्टर सुचवू शकतात.

मधल्या शांत महिन्यांत

विषाणू कशाने जागा होतो हे माणसागणिक बदलते. कडक ऊन, ताप, झोपेची उणीव, मनावरचा ताण, मासिक पाळी, ओठाला झालेली इजा, दातांच्या उपचारात ओठ ताणला जाणे, गार कोरड्या वाऱ्याने ओठ उलणे, ही नेहमीची निमित्ते. यांतले आपले कोणते हे ओळखण्यासाठी एक साधी नोंदवही पुरते: चुणचुण सुरू झाल्याची तारीख, आणि त्याआधीच्या तीन-चार दिवसांत ऊन, जागरण, आजारपण, पाळी किंवा मोठी दगदग यांपैकी काय घडले होते, एवढेच लिहावे. तीन-चार खेपांच्या नोंदी झाल्या की बहुधा एखादे निमित्त पुन्हा पुन्हा डोके वर काढताना दिसते. ताणाच्या बाबतीत थोडे सावध असावे. तो सर्वांनाच असतो, आणि दर वेळी त्याच्याच माथी खापर फोडले तर नोंदवहीचा उपयोग राहत नाही.

ज्यांचे निमित्त ऊन आहे त्यांची सोय त्यातल्या त्यात सोपी आहे. १९९१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात, हे फोड वारंवार येणाऱ्या ३८ जणांच्या ओठांवर अतिनील किरण सोडण्यात आले. किरणांपासून संरक्षण न देणारा लेप लावला होता त्या खेपेला सुमारे सत्तर टक्के लोकांना फोड आले. सनस्क्रीन लावले होते त्या खेपेला एकालाही आले नाहीत. प्रयोगशाळेबाहेर, घाम, वारा आणि खाणेपिणे यांत लेप पुसला जात असताना, असा शंभर टक्के परिणाम मिळत नाही. तरीही एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक संरक्षण देणारा लिप बाम बाहेर पडण्यापूर्वी आणि उन्हात दर दोन तासांनी लावण्याइतका स्वस्त आणि निरुपद्रवी प्रतिबंधक उपाय या आजारात दुसरा नाही. फोड असताना जी लिप बामची कांडी ओठावर फिरवली ती मात्र बरे झाल्यावर टाकून द्यावी.

वारंवार फोड येणाऱ्यांनी डॉक्टरांशी आधीच बोलून औषध घरात आणून ठेवावे, त्याची मुदत अधूनमधून तपासावी, आणि प्रवासात ते सामानात ठेवावे, कारण चुणचुण रात्री अकराला किंवा आडवाटेच्या प्रवासात सुरू झाली तर मिळवायचे तास शोधाशोधीतच निघून जातात.